दसऱ्याची प्रत

काळूराम घरतला मिळायच्या होत्या सहाशे अठ्ठ्याहत्तर संध्याकाळी.

आकडा हवेतला नाही. नोकरी उरली होती दोन वर्षं दोन महिने, म्हणजे दिवस सातशे एक्क्याण्णव. त्यांतले रविवार एकशे तेरा; ते त्याला तसेही मिळतच होते, म्हणून त्यानं प्रामाणिकपणे वजा केले. उरल्या सहाशे अठ्ठ्याहत्तर. एक एप्रिलला उरणच्या ऑफिसातून आगरदांड्याच्या शाखेत बदली झाली, की या सगळ्या संध्याकाळी तो स्वतःच्या ओट्यावर बायकोशेजारी, जनीशेजारी बसून घालवणार होता. शाखेपासून घर चारशे पावलं. हेही त्यानं मोजलं होतं, एकदा चप्पल घालून आणि एकदा अनवाणी, कारण एका मोजणीवर विश्वास ठेवणारा माणूस तो नव्हे.

गेली एकोणतीस वर्षं तो उरणला भाड्याच्या खोलीत राहत होता. शनिवारी ऑफिस सुटलं की तीन गाड्या बदलून रात्री उशिरा घर, सोमवारी पहाटे परत. इतकी वर्षं हे दोघांनाही चाललं. जनी म्हणायची, "रोज घरात असलेला पुरुस म्हंजे रोज नवा पसारा." पण दोन वर्षांपूर्वी ती कालवणात दोनदा मीठ घालायला लागली. मग बारा वर्षांपूर्वी वारलेल्या सासूसाठी चहा उकळून झाकून ठेवायला लागली. अलिबागच्या डॉक्टरांनी कागदावर औषध कमी आणि तोंडी जास्त सांगितलं, "ओळखीची माणसं जवळ असू द्या. रोज दिसणारा चेहरा उशिरा पुसला जातो."

काळूराम त्या दिवशी दवाखान्यातून निघाला तो थेट हिशोबाला बसला. रोज दिसणारा चेहरा व्हायचं, तर बदली हवी.

बदली होती बुधाजीशेठ ठाकुरांच्या हातात. शेठची कंटेनर वाहतुकीची कंपनी. वडिलांनी एका ट्रकवर काढली, आता न्हावा शेव्याहून तिचे साठ ट्रेलर धावतात, आणि दिघी बंदराच्या कामासाठी खाडीच्या अलीकडे, आगरदांड्याला, एक लहानशी शाखा आहे. शेठ मनानं वाईट नव्हते. फक्त कोणतीही गोष्ट फुकट द्यायची त्यांना सवय नव्हती. जानेवारीत त्यांनी सांगितलं, "काळूराम, मार्च निघंपर्यंत तुजी ती मशीन एक दिस जरी बंद पडली न्हाय, तर एक एप्रिलला तू आगरदांड्याला. माजा शब्द हाय. पडली, तर मंग बघू."

शेठच्या 'मंग बघू'ची वाट बघत ऑफिसातले दोघेजण निवृत्त झाले होते.

'तुजी ती मशीन' म्हणजे डोमेन कंट्रोलर. नावाला घाबरू नये. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचा तो द्वारपाल. सकाळी कोणी कॉम्प्युटर उघडला, की कॉम्प्युटर आधी त्याला विचारतो, "हा आपला माणूस का?" तो "आपला" म्हणाला तर दार उघडतं. ओळख पटली नाही, तर वीस वर्षं टेबल झिजवलेला माणूसही परका. त्यातून हा द्वारपाल खरोखरीचं यंत्रही नव्हता; एका मोठ्या यंत्राच्या पोटात मानून घेतलेलं यंत्र होता. तो सगळाच्या सगळा एका फाइलीत मावायचा. असे द्वारपाल दोन: थोरला उरणला, धाकटा आगरदांड्याला. कोण नवा आला, कोण सोडून गेला, कोणी पासवर्ड बदलला, हे दोघे एकमेकांना दिवसभर कळवत असत. एवढा संवाद कंपनीत दुसऱ्या कोणत्याच दोघांत नव्हता.

आता दसरा. ठाकुरांकडे दसऱ्याला प्रत्येक यंत्राची पूजा होते. ट्रेलरना माळा, क्रेनला माळ, वजनकाट्याला माळ. थोरल्या द्वारपालाला माळ घालायची कुठे, असा प्रश्न आला तेव्हा शेठनंच तोडगा काढला. दसऱ्याच्या मुहूर्तावर काळूरामनं त्याची फाइल जशीच्या तशी एका डिस्कवर उतरवायची. मग त्या डिस्कला हळद-कुंकू वाहून, लाल फडक्यात गुंडाळून, केबिनमधल्या देव्हाऱ्यात वर्षभर ठेवायची. काळूराम दर शुक्रवारी रीतसर बॅकअप घेई, पण त्याला शेठ मोजत नसत. "ती रोजची भाकर. परसाद हा हाय."

चोवीस मार्चला, सोमवारी, काळूराम तीन गाड्या बदलून ऑफिसात पोचला तेव्हा रात्रीतून यूपीएसची बॅटरी फुगून फुटली होती आणि थोरला गेला होता. यंत्र चालू, दिवे हिरवे. पोटातला तो मात्र उठेना. जे मुळात नव्हतंच ते मेलं, तर रडायचं तरी कशाकडे बघून?

आठ दिवस राहिले होते एक एप्रिलला. मशीन एकही दिवस बंद पडायला नको होती.

खरं म्हणजे ऑफिस बंद पडलंच नव्हतं. धाकटा आगरदांड्याहून सगळ्यांना ओळख देत होता. फक्त दार उघडायला जरा उशीर लागत होता. पण प्रणय नावाचा मुलगा, जो दिवाळीनंतर हिशेब खात्यात लागला होता आणि ज्याला पडद्यावर गोल चक्र फिरताना दिसलं की अन्याय झाल्यासारखं वाटे, तो ओरडला, "काका, सर्व्हर डाऊन आहे का?"

आणि शेठ दारात उभे.

मग सल्ल्यांना तोटा राहिला नाही. क्रेनवाला दयाराम म्हणाला, बंद करून परत चालू कर, माझी क्रेनपण तशीच उठते. चहावाल्यानं सांगितलं, त्याच्या मेव्हण्याचा फोन असाच मेला होता, तो तांदळात पुरून ठेवल्यावर जगला. एका ट्रेलर ड्रायव्हरचं मत पडलं की यंत्राचं तोंड दक्षिणेला आहे. काळूरामनं यंत्राचं तोंड कुठे असतं हे विचारलं नाही. अपमान गिळायची त्याला सवय होती आणि वेळ नव्हता.

शेठ म्हणाले, "दसऱ्याची ती परत, देव्हाऱ्यातली, हाय ना? मंग तोंड का पाडून बसलास?"

यंत्राच्या कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवलेला होता. पनवेलच्या रुचिका भोईरनं, जी वर्षातून दोनदा येऊन ही यंत्रं तपासून जायची, तो दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं लिहिला होता. कागदावर तीनच ओळी. 'एक द्वारपाल गेला आणि दुसरा जिवंत असेल, तर मेलेल्याची जुनी फाइल कधीही परत लावू नये. मेलेल्याचं नाव जिवंताच्या यादीतून काढावं. मग नवीन उभा करावा आणि त्याला सगळं जिवंताकडून शिकू द्यावं.'

काळूरामला हा कागद पाठ होता. हेही ठाऊक होतं की असं करायला दीड दिवस लागतो, आणि दीड दिवस म्हणजे शेठच्या मोजणीत दोन. जुनी फाइल लावायला लागतो एक तास. एका तासाला कोणी बंद पडली म्हणत नाही. एका पारड्यात तास, दुसऱ्यात सहाशे अठ्ठ्याहत्तर संध्याकाळी.

तो कपाटाच्या उघड्या दाराकडे पाठ करून उभा राहिला, म्हणजे कागद शेठला दिसू नये. आणि म्हणाला, "हाय ना, शेठ. द्या."

शेठनं पायातलं काढून देव्हाऱ्यातून डिस्क आणली, कपाळाला लावली आणि दिली. पन्नास मिनिटांत थोरला उठला. शेठनं पेढे मागवले. चहावाला म्हणाला, तांदळानंही झालं असतं.

पेढे संपायच्या आत प्रणय परत आला. त्याचा चेहरा, जिवंतपणी स्वतःची तेराव्याची पंगत पाहिलेल्या माणसासारखा होता.

"काका, मी नाहीये."

"कुठं न्हाईस?"

"कुठेच. म्हणतो, या नावाचा माणूसच नाही."

बरोबर होतं. दसऱ्याला प्रणय नव्हताच. दसऱ्यानंतर लागलेले अकराजण नव्हते. उलट दिपेश म्हात्रे, जो नोव्हेंबरात भांडून समोरच्या कंपनीत गेला होता, तो पुन्हा सन्मानानं यादीत हजर. बाकीच्यांना द्वारपाल ओळखत होता, पण दसऱ्याचे पासवर्ड मागत होता. आणि दसऱ्याला आपला पासवर्ड काय होता हे आठवायला अख्खं ऑफिस डोक्याला हात लावून बसलं. हेडक्लार्कना आठवला, पण सगळ्यांदेखत टाइप करायला ते तयार होईनात. त्यांचं लग्न डिसेंबरात झालं होतं आणि पासवर्डातली मुलगी दुसरी होती. दुपारी तर काही कॉम्प्युटरच म्हणायला लागले की आमचा या द्वारपालावर भरवसा उरलेला नाही.

काळूरामनं धीर सोडला नाही; अक्कल सोडली. अकराही जणांची नावं त्यानं थोरल्याकडे पुन्हा लिहिली. उरणला ती दिसायला लागली. आगरदांड्याला मात्र या नव्या नोंदींचा पत्ता नाही, तिथे जुन्याच. माणूस सकाळी आहे, दुपारी नाही. एका टेबलावर आहे, शेजारच्यावर नाही. दोन दिवस असे काढल्यावर त्यानं रुचिकाला फोन केला आणि घडलं ते सांगितलं, कागदाकडे पाठ केल्याचं सोडून.

रुचिकानं त्याच्याकडून पडद्यावरचे काही आकडे वाचून घेतले. मग म्हणाली, "काका, तुमच्याकडे आवक-जावक रजिस्टर आहे ना? मग ऐका. थोरला प्रत्येक बदल जावक क्रमांक टाकून पाठवायचा. मेला तेव्हा तो सात हजार आठशेवर होता. धाकट्यानं लिहून ठेवलंय, याच्याकडून सात हजार आठशेपर्यंत सगळं पोचलं. तुम्ही दसऱ्याचा उठवलात. त्याचा क्रमांक सहा हजार शंभर. आता तो पाठवतो सहा हजार एकशे एक, आणि धाकटा म्हणतो, हे तर मला कधीच मिळालंय. उघडूनसुद्धा बघत नाही."

"म्हंजे तो बोलतोय आनि हा ऐकत न्हाय?"

"तो पुन्हा सात हजार आठशेवर पोचेपर्यंत नाही. आणि मधलं कधीच नाही. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतायत, काका. म्हणूनच हे वाईट. कागद लावलेला होता ना कपाटात?"

"व्हता," काळूराम म्हणाला. "फडफडत व्हता. नीट दिसला न्हाय."

रुचिका आली. थोरल्याला तिनं कायमचा बंद केला, तारेसकट. पण पुढे जायच्या आधी यंत्राच्या कंपनीकडून एक परवाना मोकळा करून घ्यायचा होता, आणि तो करार होता शेठच्या वडिलांच्या नावावर. मदतकेंद्रातली बाई गोड आवाजात म्हणाली की ग्राहकांनी स्वतः बोलावं. ग्राहकांना जाऊन चार वर्षं झाली होती. मग, बाई म्हणाली, त्यांच्या मोबाइलवर आलेला सहा आकडी नंबर सांगावा. मोबाइलचा नंबर वारसानं चालू ठेवला नव्हता; फोन लावला तर तो आता थळच्या एका मासळीवाल्या मावशींचा निघाला.

"मावशी, तुमच्या फोनवर एक नंबर येईल, तेवढा वाचून दाखवा."

"मेल्या, बँकवाला हायस काय? मना फसवतोस?"

"न्हाय मावशी, मी आगरदांड्याचा घरत."

"कोन्त्या घरतांचा?"

नंबर दहा मिनिटं जिवंत राहतो. पहिला नंबर घराण्याची चौकशी होईतो मेला. दुसरा आला तेव्हा मावशींचे हात बोंबलांनी भरलेले होते. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या की चष्मा घरी आहे. शेवटी रुचिका स्वतः मोटरसायकलवर थळला गेली, बाजारात त्यांच्या पाटीसमोर बसली, मासळीचे दोन वाटे घेतले आणि नंबर वाचून दाखवला. काळूराम उरणला फोन कानाला लावून आकडे लिहीत होता, मागून मावशींचा आवाज आला, "तुज्या त्या मेलेल्या मानसाला सांग, रोज रोज मेसेज टाकू नको."

त्यानंतर काम दीड दिवसाचं निघालं. रुचिकानं जिवंत धाकट्याला थोरल्याचे अधिकार दिले, मेलेल्याचं नाव यादीतून एकेका ठिकाणाहून काढलं, आणि उरणला नवा उभा केला, वेगळ्या नावानं, कोरा. तो रात्रभर आगरदांड्याकडून शिकत राहिला. सकाळी प्रणय आपल्या टेबलावर पुन्हा जन्माला आला. त्यानं स्वतःचं नाव पडद्यावर बघून मोबाइलनं फोटो काढला.

तारीख होती एकतीस मार्च.

काळूराम केबिनमध्ये गेला. देव्हाऱ्यातली लाल फडक्याची जागा रिकामी होती. "शेठ, उद्या एक तारीख."

"व्हय," शेठ म्हणाले. "पन ती पडली, काळूराम. चांगली आठ दिस पडली. माजी परत चुकीची व्हती, त्ये मी मानतो. मी अडानी मानूस. पन तुला कळत व्हतं ना?"

काळूरामपाशी याला उत्तर होतं, आणि ते दोन वर्षं कपाटाच्या दारावर चिकटलेलं होतं.

"तू ग्येलास आनि परत पडली, तर मी काय त्या थळवालीला बोलवू? प्रनयला शिकव. तो तयार झाला, की मंग बघू."

'मंग बघू' अकरा आठवडे चाललं. प्रणय हुशार होता, पण हुशार माणसं शिकवणाऱ्याला घाईत आहे असं दिसलं की जास्त प्रश्न विचारतात. काळूरामनं एकही रविवार चुकवला नाही. जनी विसरायला लागल्यापासूनच्या रिवाजाप्रमाणे शनिवारी रात्री उशिरा सदाकडे, म्हणजे शेजारी, पाठ टेकायची, कारण मध्येच झोपमोड झाली की जनी घाबरे. आणि रविवारी सकाळी सातला पिशवी घेऊन अंगणात यायचं. जनी ओट्यावर तयार असे. "आलात?" म्हणे आणि पाण्याचा तांब्या पुढे करी. दिवसभर त्याला मुलासारखं वाढी.

आठवड्याचे बाकीचे दिवस सदाची बायको तेजस्वी बघायची आणि संध्याकाळी फोन करायची. एप्रिलात म्हणाली, "काका, काकींनी आज मला विचारलं, तू कोनाची गं?" मे महिन्यात म्हणाली, "तुमच्या मुलीचा फोन आला व्हता सासरहून, पेनवरनं. काकी बोलल्याच न्हाईत. म्हनल्या, कोन बाई हाय, ओळख न्हाय पाळख न्हाय." काळूराम दरवेळी एकच विचारी, "माजं नाव काढते का?"

"काढतात ना. रोज. म्हनतात, आयतवारी येनार."

तेवढ्यावर तो प्रणयला आणखी एक धडा शिकवी.

जूनच्या अठराला शेठनं बदलीच्या कागदावर सही केली आणि स्वतःच्या गाडीतून अलिबागपर्यंत सोडलं. काळूराम दुपारी साडेचारला अंगणात शिरला. हातात पिशवी, काखेत वळकटी, आणि डोक्यात नवा आकडा: सदुसष्ट गेल्या, सहाशे अकरा उरल्या. तोटा दहा टक्क्यांच्या आत. वाईट नाही.

जनी ओट्यावर वाल सोलत होती. तिनं पदर सारखा केला.

"कोन पायजे?"

"मी हाय गं. काळूराम."

ती हसली, बाहेरच्या माणसाला हसतात तशी, दात न दाखवता. "त्ये न्हाईत घरी. उरनला असतात कामाला."

"जनी, मीच त्यो. बदली झाली माजी. आता रोज घरी."

"त्ये आयतवारी येतात," जनीनं त्याला समजावून सांगितलं, हळू, जणू त्यालाच काही आठवत नव्हतं. "आज बुधवार हाय. आयतवारी या, भेटतील." आणि पाव्हण्याला पाणी द्यावं म्हणून आत जाऊन स्टीलच्या ताटलीत पेला ठेवून घेऊन आली. त्यानं उभ्यानंच पाणी प्यायलं आणि पेला परत दिला.

गुरुवारी त्यानं लग्नाचा फोटो दाखवला. फोटोतला नवरा तिनं ओळखला, समोरचा नाही. शुक्रवारी ती तेजस्वीला म्हणाली, तो वळकटीवाला परत आला होता, आमच्या यांना आल्यावर सांगायला पायजे. रात्री तो सदाकडे झोपायला लागला.

रविवारी सकाळी सातला सदाच्या मागच्या दारानं निघून, वळसा घेऊन, एसटीच्या थांब्याकडून काळूराम पिशवी घेऊन अंगणात आला.

"आलात?" जनी म्हणाली. तांब्या भरलेला होता. "या वक्ताला उशीर क्येलात. आनि ऐका, तुमची चौकशी कराया कोन तरी मानूस येतो हाय. चांगला वाटला बिचारा. बसाया सांगितलं तर बसला न्हाय."

आता तो दर रविवारी थांब्याकडून येतो. सोमवारी पहाटे पिशवी घेऊन निघतो, जनी अंगणाच्या टोकापर्यंत पोचवायला येते, आणि तो चारशे पावलांऐवजी गावाला वळसा घालून शाखेत जातो.

तर हिशोब असा. शेठचं गेलं आठ दिवसांचं काम, ते त्यांनी पुढच्या महिन्यात भरून काढलं. रुचिकाचा गेला थळचा एक हेलपाटा. तिला मासळी मिळाली. प्रणय आठवडाभर नव्हता, आता काळूरामच्या खुर्चीवर आहे. काळूरामच्या सहाशे अकराही संध्याकाळी त्याला मिळतायत, शेजारच्या ओट्यावर, तिथून त्याचा ओटा दिसतो. आणि तिकडे जनी रोज तिन्हीसांजेला दिवा लावून बसते आणि रविवारला किती दिवस राहिले ते बोटांवर मोजते. मोजायचं ती अजून विसरलेली नाही. एकोणतीस वर्षं वाट बघायचं काम तिच्याकडे होतं. बदलीच्या कागदावर तिचं नाव नव्हतं, म्हणून ते तिच्याकडेच राहिलं.